टर्बो गाडीला नवा एक्झॉस्ट बसवायचाय? आधी गाडीखाली वाकून बघा

साताऱ्यात टर्बो पेट्रोल गाडी आता नवलाईची राहिलेली नाही. पोवई नाक्यावर चहा घेत दहा मिनिटं उभे राहिलात तरी तीन-चार सहज दिसतील. गाडी हातात बसली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सायलेन्सर कुठला टाकू?" कंपनीचं नाव नंतर बघू. एक्झॉस्टचा नेमका कुठला तुकडा बदलायचा आणि कशासाठी, हे आधी ठरवायला हवं. टर्बो गाडीत ताकद नळीच्या एका टोकाला असते आणि आवाज दुसऱ्या. नवखा माणूस आवाजाच्या टोकाला पैसे घालतो आणि ताकद कधी येते याची वाट बघत बसतो.

हे सगळं पेट्रोल टर्बोपुरतं आहे. बीएस सिक्स डिझेलच्या नळीत काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर असतो. तिथे हात घालून आवाजही मिळत नाही आणि फायदाही होत नाही, त्यामुळे डिझेलवाल्यांनी इथेच थांबलेलं बरं.

गाडीखालची नळी ओळखा

गाडी रॅम्पवर चढवा आणि पुढून मागे बघत या. इंजिनातला गरम वायू मॅनिफोल्डमधून, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा वायू एकत्र करणाऱ्या नळीतून, टर्बोच्या टर्बाइनवर म्हणजे फिरत्या चाकावर येतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० आणि १.५ टीएसआयसारख्या इंजिनांत मॅनिफोल्ड वेगळा नसतोच, तो इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्येच ओतलेला असतो. त्यामुळे 'हेडर (म्हणजे बाजारातला मॅनिफोल्ड) बदलू' हा विषय तिथे संपला. टर्बाइनमधून बाहेर पडलेला वायू डाउनपाइपमध्ये येतो. याच भागात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो, ज्याला गॅरेजात नुसतं कॅट म्हणतात. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ओटू (ऑक्सिजन) सेन्सर असतात. मग जाळीदार फ्लेक्स पाइप, लांब मधली नळी, तिच्यात लहान डबा म्हणजे रेझोनेटर, मागच्या बीमवरून (मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरून) वळसा, मागचा मोठा डबा आणि शेवटी बंपरखालची टीप.

बाजारातली नावं या नकाशावरूनच पडली आहेत. फक्त मागचा डबा बदलला की अ‍ॅक्सल-बॅक. कॅटच्या मागचं सगळं बदललं की कॅट-बॅक. डाउनपाइपसकट सगळं उतरवलं की टर्बो-बॅक.

आता चहाच्या टपरीवर ऐकू येणारं एक वाक्य, "बॅकप्रेशर पाहिजे, नाहीतर पिकअप जातो." बॅकप्रेशर म्हणजे नळीतल्या अडथळ्यामुळे वायूला मागे रेटणारा दाब. विनाटर्बो इंजिनात नळीचा व्यास भलताच मोठा केला की वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मंदावते, तिथून ही समजूत आली. टर्बोचा हिशेब वेगळा आहे. टर्बाइन फिरते ती तिच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब जितका कमी, तितकी ती लवकर वेग घेते. म्हणजे टर्बोच्या मागे अडथळा नसलेलाच बरा. पण हा अडथळा असतो कुठे? बराचसा टर्बोला लागून असलेल्या कॅटमध्ये आणि अरुंद डाउनपाइपमध्ये. मागच्या डब्यापर्यंत येईतो वायू निवतो, आकसतो, आणि तिथे फारसा अडत नाही. शिवाय ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, जेवढा बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) ठरवून दिलेला आहे तेवढाच तो मागतो. नळी मोकळी झाली तर तो वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वगळून वायू सोडणारी झडप, जरा जास्त उघडतो आणि बूस्ट आहे तिथेच ठेवतो. रिमॅप केल्याशिवाय, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलल्याशिवाय, कॅट-बॅकमधून मिळणारी ताकद पायाला जाणवेल इतकी नसते. आवाज बदलतो, दोन-चार किलो वजन कमी होतं, आणि स्टेनलेस असेल तर गंजाची चिंता जाते. एवढ्यासाठी पैसे घालायची तयारी असेल तरच पुढे वाचा.

आवाजाचीही अपेक्षा आधीच बेताची ठेवा. टर्बाइन स्वतःच आवाज खाते. तीन सिलिंडरच्या गाडीला कुठलाही डबा लावलात तरी ती चार सिलिंडरसारखी बोलणार नाही, तिचा घोगरा सूर तसाच राहील. आणि गॅस सोडल्यावर फटफट फटाके फुटतात ते सायलेन्सरमुळे नाही. ईसीयूच्या बदललेल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ट्यूनमध्ये, मुद्दाम पेट्रोल उशिरा पेटवलेलं असतं. त्या उष्णतेने कॅट आतून वितळतो.

कायदा, पीयूसी, विमा

हा भाग रुक्ष आहे, पण तो वगळून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धूर यांचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडताना पोलिसांचे फोटो पेपरात आपण बघतोच. मोटारीला वेगळा न्याय नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही. आवाज कंपनीच्या आसपासच ठेवायचा. मंजुरीच्या चाचणीत प्रवासी मोटारीला ७४ डेसिबलची मर्यादा असते, त्यावरून अंदाज घ्या. मागचा डबा बदलला तरी अधिकाऱ्याच्या नजरेत तो बदलच आहे, ही जोखीम तुमची. कॅट-बॅक घेताना डब्याला वाहन नियमांनुसार मंजुरी आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. "सगळे लावतात की" हे उत्तर एमएच-११ च्या आरटीओत चालत नाही. टर्बो-बॅकचीच हौस असेल तर ती गाडी ट्रेलरवरून कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्या आणि तिथे हवी तशी पळवा.

विमा कंपनीला बदल कळवा. न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी बाहेर येतो. गाडी वॉरंटीत असेल तर एक्झॉस्ट, टर्बो आणि सेन्सर यांच्याबाबत कंपनी हात वर करू शकते. ज्याची वॉरंटी संपायला वर्ष-सहा महिने उरलेत त्याने थांबावं असं मी म्हणेन.

नळी आणि डबा निवडताना

पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच गाडीसाठी बनवलेला तयार कॅट-बॅक सेट घ्यावा. त्याचे हँगर, वाकणं, फ्लँज आधीच मापात असतात. असा सेट सगळ्या गाड्यांना मिळत नाही, मग फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यावा लागतो. साताऱ्यात आर्गन वेल्डिंगचा चांगला हात असलेले लोक एमआयडीसीत सापडतात. ज्या गावात कूपरची इंजिनं बनली आणि प्रिया स्कूटर जुळल्या तिथे धातूकामाची वानवा नाही. फक्त तो माणूस एरवी काय जोडतो ते विचारा. डेअरीची स्टेनलेस पाइपलाइन जोडणारा तुमच्या कामाचा. गेट-ग्रिलवाला नाही.

व्यासाचा मोह आवरा. एक लिटर इंजिनाला ५० ते ५७ मिलिमीटर बास झाले. १.२ ते १.५ लिटरला ५७ ते ६३, आणि १.८ किंवा २ लिटरला ६३ ते ७६. याहून जाड नळीतून फक्त घुमणारा आवाज मिळतो, आणि ती मागच्या बीमवरून जाताना टाकीला किंवा ब्रेकच्या लाइनला घासते.

धातू ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, जाडी १.२ ते १.५ मिलिमीटर. इथे फसवणूक सर्रास होते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे अस्सल ३०४. पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असल्यामुळे आपल्या पावसात ते लवकर डागाळतं. उलट खऱ्या ३०४ ला वाकणाच्या जागी चुंबक हलकासा ओढतो, कारण थंड वाकवल्यावर त्याचा गुण थोडा बदलतो. तेव्हा चुंबकावर भिस्त ठेवू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. लिहायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका. ४०९ ग्रेड चुंबकाला चिकटतं, वरून तांबूस होतं, पण टिकतं. बहुतेक कंपन्या मूळ नळीला असंच स्टील वापरतात, त्यामुळे बजेट कमी असेल तर त्यात कमीपणा नाही.

वाकणं मॅन्ड्रेलवरची, म्हणजे नळीच्या आत आधार घालून वाकवलेली हवीत. बाहेरून बोट फिरवून बघा. वाकणाच्या आतल्या बाजूला चुण्या पडल्या असतील किंवा नळी चपटी झाली असेल तर ते दाबून वाकवलेलं आहे, आणि तिथे व्यास कमी झालेला आहे. वेल्डिंगही आतून बघा. मोबाइलची टॉर्च नळीत धरा. जोडाच्या आत काळं, दाणेदार, खडबडीत काही दिसलं तर वेल्ड करताना आतून आर्गन सोडलेला नाही. असा जोड वर्ष-दोन वर्षांत नेमका तिथेच चिरतो.

डबे दोन प्रकारचे. सरळ भोकांच्या नळीभोवती काचतंतूंची लोकर भरलेला, आणि आत कप्पे असलेला. पहिला मोकळा आणि खुला बोलतो, पण त्यातली लोकर काही वर्षांत जळून जाते आणि आवाज वाढत जातो. दुसरा जड, पण आवाज धरून ठेवतो. तीन सिलिंडरवाल्यांना माझा सल्ला: कंपनीचा मधला रेझोनेटर ठेवा, फक्त मागचा डबा बदला. कारण पुढे घुमण्याच्या भागात येईल. बटणावर आवाज कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हच्या भानगडीत पहिल्या खेपेला पडू नका. दोन पावसाळ्यांत त्याची पाकळी गंजून अडकते, आणि अडकते ती बहुधा उघडीच.

जागा आणि हत्यारं

जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही. वॉशिंग सेंटरचा किंवा ओळखीच्या गॅरेजचा लिफ्ट अर्धा दिवस भाड्याने घ्या. तो नाहीच मिळाला तर सपाट काँक्रीटवर चार मजबूत घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) आणि चाकांना उटी. मातीच्या अंगणात हे काम करू नका, पावसाने मऊ झालेल्या जमिनीत घोडी कलते.

गोटी-पान्यांचा सेट, लांब एक्स्टेन्शन, टॉर्क पाना, जाम नट सोडवणारा स्प्रे, साबणाचं पाणी, रबर काढायचा पक्कड, ग्राइंडर किंवा हॅक्सॉ, गॉगल, जाड हातमोजे. नवीन क्लॅम्प, नवीन पॅकिंग आणि नवीन हँगर रबर आधीच आणून ठेवा. जुनं पॅकिंग पुन्हा बसवणं म्हणजे लीक स्वतः होऊन विकत घेणं. ओटू सेन्सर काढायचाच झाला तर बहुतेक गाड्यांत २२ मिलिमीटरची खाच असलेली गोटी लागते. पण कॅट-बॅकच्या कामात सेन्सरला हात लावायची वेळच येत नाही, आणि नवख्याने कॅट-बॅकवर थांबावं याचं हेही एक कारण.

जुनं उतरवणं

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सुरुवात करा. कॅट धावताना कित्येक शे अंशांवर असतो आणि तासाभरानेही हात भाजतो.

काहीही सोडण्याआधी फोटो काढा. प्रत्येक हँगर, प्रत्येक उष्णतारोधक पत्रा, टीप आणि बंपर यांतलं अंतर. एक माप विशेष जपून घ्या: जमिनीपासून एक्झॉस्टचा सर्वांत खालचा भाग किती उंच आहे. नवीन नळी त्याखाली येता कामा नये. आपल्याकडचे गतिरोधक सरकारी मापाचे नसतात.

नट हलत नसेल तर जोर लावण्याआधी थोडा घट्ट करा, मग सोडवा. गंजाची पकड त्याने मोडते. तरी ऐकलं नाही तर फ्लेक्स पाइपला लागून असलेल्या बोल्टवर हातोडी चालवू नका. फ्लेक्स पाइपची जाळी एकदा पिळवटली की ती बदलावीच लागते.

बऱ्याच गाड्यांत कॅटच्या मागची नळी एकसंध असते आणि बीमवरून तशीच बाहेर निघत नाही. ती कापावी लागते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या नळीवर कापायची जागा कारखान्यातच दाखवलेली असते, नळीभोवती छोटे खळगे पाडून. तीन ठिकाणी खळगे असतील तर मधल्यावर कापायचं. बाजूचे दोन क्लॅम्पच्या कडा कुठे याव्यात हे दाखवतात. तिथे कापलं तर उद्या मूळ डबा परत बसवायला एक क्लॅम्प पुरतो. ही खूण न बघता जिथे ग्राइंडर पोचतो तिथे कापणारे कारागीर आहेत, म्हणून कापताना तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. इतर गाड्यांत सरळ भाग निवडा, पुढे-मागे क्लॅम्पसाठी ५० मिलिमीटर तरी मोकळी नळी ठेवा, मार्करने रेघ मारा, मग कापा. ठिणग्या टाकीकडे उडणार नाहीत अशी दिशा धरा. शेजारी अग्निशामक सिलिंडर असू द्या.

रबरातून हँगर काढताना साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. मागचा डबा वजनदार असतो, शेवटचं रबर सुटण्याआधी खाली एक माणूस हवा.

नवीन बसवणं

या कामाचा सगळा दर्जा इथे ठरतो. महागडा सेट घाईत बसवला तर तो खडखडतो, आणि साधा सेट सावकाश बसवला तर वर्षानुवर्षं गप्प राहतो.

पुढून मागे या. कॅटमागच्या जोडावर नवीन नळी अडकवा, मग मधला भाग, मग डबा. सगळं रबरांवर टांगा, पण एकही क्लॅम्प आवळू नका. बोल्ट हाताने दोन-चार आटे फिरतील इतकेच. सरकजोडात एक नळी दुसरीत ४० ते ५० मिलिमीटर आत जायला हवी.

आता मागे उभे राहून टीप बंपरच्या मध्यात आणा. मग गाडीखाली जाऊन डब्याला हाताने चारी दिशांनी ढकला. बॉडी, टाकी, ब्रेक लाइन, बीम, हँडब्रेकची केबल, कशालाही नळी लागता कामा नये. मी बोटांनी मोजतो: नळी आणि बॉडी यांच्यात दोन बोटं आडवी गेली पाहिजेत. बंपरच्या प्लास्टिकजवळ जागा कमी मिळते, तिथे निदान एक बोट, आणि वरच्या बाजूला जास्त, कारण उष्णता वर जाते. चाक अधांतरी असताना बीम खाली लोंबतो, त्यामुळे लिफ्टवर दिसणारं अंतर फसवं असतं. शक्य असेल तर चाकांवर वजन घेऊन पुन्हा बघा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. नळी तापली की लांबते. दोन मीटर लांबीची ३०४ ची नळी ३०० अंशांनी तापली तर साधारण १० मिलिमीटर वाढते. ही वाढ मागे सरकते आणि टीप बाहेर येते. म्हणून थंड असताना टीप बंपरच्या कडेशी तंतोतंत लावू नका, थोडी आत ठेवा. हँगरची रबरंही थंडीत किंचित पुढे ताणलेली असली तर तापल्यावर सरळ होतात. उलट केलं तर तापल्यावर ती मागे ओढली जातात आणि भार फ्लेक्स पाइपवर येतो.

मनासारखं बसलं की पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत या, आणि प्रत्येक आवळल्यावर मागे जाऊन टीप बघा. ती हललेली असणारच, परत जागेवर आणा. आवळण्याचा जोर सेटबरोबरच्या कागदावर असतो. कागद नसेल तर एम ८ बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरेत. जोराने आवळलेला यू-बोल्ट क्लॅम्प नळीलाच खळगा पाडतो आणि ती पुढच्या वेळी निघत नाही. चपट्या पट्टीचा क्लॅम्प थोडा महाग, पण तोच घ्या. काढलेले उष्णतारोधक पत्रे आठवणीने परत लावा. "ते नुसतेच वाजतात" म्हणून फेकून देणारे भेटतात. त्यांच्यावर विसंबलात तर डिकीचा कार्पेट तापतो.

गाडीवरच वेल्डिंग करावं लागत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि वेल्डिंगची अर्थ पट्टी नळीलाच, जोडाजवळ लावा. बॉडीला लावलीत तर करंट ईसीयूच्या आसपासून वाट काढतो. उत्तम म्हणजे गाडीवर फक्त दोन-तीन टाके मारायचे, नळी उतरवायची आणि टेबलावर पूर्ण वेल्ड करायची.

लीक शोधा

पहिला स्टार्ट उघड्यावर करा, बंद गॅरेजात नाही. थंड गाडी आयडलला ठेवा आणि मदतनिसाला टीपवर जाड, ओलसर फडकं धरून थोडं दाबायला सांगा. सगळं पूर्ण बंद करायचं नाही, आत नुसता दाब वाढवायचा. तुम्ही प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले की लीक. नळी तापायच्या आत, दोन-तीन मिनिटांत हे आटपा. काही दिवसांनी पुन्हा खाली वाकलात तर जोडाभोवती काळी काजळी दिसते का पाहा, तीही लीकचीच खूण.

लीक म्हणजे नुसती फुसफुस नाही. पीयूसीच्या वेळी बीएस फोर आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीचा लॅम्बडा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) २,५०० आरपीएमच्या आसपास ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो, आणि आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत. फटीतून बाहेरची हवा नळीत ओढली गेली की लॅम्बडा वर जातो आणि निरोगी इंजिनाची गाडी नापास होते. ती फट दुसऱ्या ओटू सेन्सरच्या जवळ असेल तर चेक इंजिनचा दिवाही लागतो. पी ०४२० हा कॅट नीट काम करत नसल्याचा कोड कॅट काढलेल्या गाड्यांत हमखास दिसतो, पण तिथल्या लीकमुळेही येऊ शकतो. म्हणून कोड दिसला की आधी जोड तपासा, लगेच कॅटला दोष देऊ नका. आणि हॅचबॅकमध्ये मागच्या डब्याजवळचा लीक केबिनमध्ये विषारी वायू आणू शकतो. त्याला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं तर काच उघडा, गाडी थांबवा.

पहिला फेरफटका

पहिल्या अर्ध्या तासात नळीवरचं तेल आणि हातांचे ठसे जळतात, थोडा धूर आणि वास येतो. बसवण्याआधी नळी थिनरने पुसून घेतली असती तर तो आला नसता. नळी सोनेरी, मग निळसर होत जाते, ते ३०४ चं साहजिक वागणं. सकाळी टीपमधून थेंब पडले तर तेही ठीक, ज्वलनातली वाफ थंड नळीत जमते.

आधी यवतेश्वर घाट चढा. तीव्र वळणांवर गाडी कलते, इंजिन माउंटवर हलतं, आणि कुठे नळी घासत असेल तर ती तिथेच टकटक करते. दिवसा जा, आणि चढून झालं की परत फिरा. कास पठारावर आवाजाची चाचणी घेण्यासारखं काही नाही.

मग हायवेला आनेवाडीच्या दिशेने टॉप गिअरला ८०, ९०, १०० असे ठरावीक वेग धरून बघा. एखाद्या वेगाला केबिनमध्ये कान दडपणारी घूं सुरू झाली तर तो घुमण्याचा दोष. त्याचा हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरचं इंजिन २,४०० आरपीएमला सेकंदाला ८० ठोके देतं, तीन सिलिंडरचं ६०. हे ठोके केबिनच्या हवेशी जुळले की सगळी गाडी भरून जाते. उपाय म्हणून नळीला एक बंद तोंडाची फांदी जोडतात. तिची लांबी ध्वनीच्या एका लाटेच्या लांबीच्या चौथाईइतकी असते, म्हणजे परत येणारी लाट त्या ठोक्याला मारते. ३०० अंशांच्या वायूत ध्वनी सेकंदाला साधारण ४८० मीटर जातो. त्यामुळे ८० ठोक्यांसाठी फांदी दीड मीटर लागते आणि ६० ठोक्यांसाठी दोन मीटर. बंद फांदीतला वायू जरा थंड राहतो म्हणून प्रत्यक्षात ती थोडी आखूड चालते, पण तरी एक लिटरच्या लहान गाडीखाली एवढी नळी ठेवणार कुठे? म्हणूनच तीन सिलिंडरवाल्यांना कारखान्याचा रेझोनेटर ठेवायला सांगितलं. घूं आली आणि रेझोनेटर काढलेला असेल तर तो परत बसवा. फोम आणि डॅम्पिंग शीट डिकीत चिकटवून हा आवाज जात नाही.

दीडशे-दोनशे किलोमीटर झाले की गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा तपासा. तापून-थंड होऊन काही थोडे सैल पडलेलेच असतात. हे राहून गेलं की दोन महिन्यांनी खडखड सुरू होते आणि माणूस सेटला शिव्या घालतो.

काढलेला माल

"जुना डबा इथेच राहू द्या, काय करताय नेऊन" असं गॅरेजवाला म्हणाला तर गोड हसा आणि डबा डिकीत टाका. पुढची पीयूसी, आरटीओची नोटीस, गाडीची विक्री, यातल्या प्रत्येक वेळी तो लागू शकतो. कधीकाळी कॅट उतरवलात तर तो तर मुळीच सोडू नका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. भंगारवाला वजन न करताच भाव बोलतो तो त्याचमुळे. डब्यातलं पाणी ओतून काढा, तोंडं प्लास्टिकच्या पिशवीने बांधा, आणि क्लॅम्प, पॅकिंग, जुने बोल्ट एका डब्यात भरून त्यालाच तारेने अडकवा. माळ्यावर ठेवताना उभा ठेवा, आडवा ठेवला तर आत उरलेलं पाणी तळाशी साचून पत्रा खातं.